सरोवराकाठी मुक्काम : स्टेट पार्कबद्दल तुमचे प्रश्न

मे महिना लागला की स्टेट पार्कमधल्या मुक्कामाबद्दल पत्रं येऊ लागतात. यंदाची बरीचशी अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या आसपास राहणाऱ्या वाचकांची आहेत, एक कॅलिफोर्नियातून. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नियम राज्यागणिक बदलतात. जिथे राज्याचं नाव दिलं आहे तिथे तो नियम त्या राज्यापुरताच धरावा.

आमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास आहे. तो स्टेट पार्कला चालतो का? आणि जुलैतल्या शनिवार-रविवारची जागा आम्हाला कधीच मिळत नाही, ती नेमकी कधी बुक करायची?

पास चालत नाही. नॅशनल पार्क केंद्र सरकारची, स्टेट पार्क त्या त्या राज्याची. दोघांचे हिशेब वेगळे. इंडियाना ड्यून्सला तर नॅशनल पार्क आणि स्टेट पार्क एकमेकांना लागून आहेत, आणि तिथेही स्टेट पार्कच्या फाटकावर वेगळे पैसे भरावे लागतात. मिशिगनच्या रहिवाशांनी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना 'रिक्रिएशन पासपोर्ट' (स्टेट पार्कचा गाडीसाठीचा प्रवेश पास) घ्यावा, तेच सोयीचं. विस्कॉन्सिनमध्ये गाडीचं प्रवेशाचं स्टिकर मुक्कामाच्या भाड्यात धरलेलं नसतं. ओहायो आणि पेन्सिल्वेनियात प्रवेश फुकट, पैसे फक्त मुक्कामाचे.

बुकिंग मिशिगन आणि कॅलिफोर्नियात ६ महिने आधी उघडतं, न्यूयॉर्कमध्ये ९, विस्कॉन्सिनमध्ये ११ महिने आधी, मिनेसोटात १२० दिवस आधी. इथे एक मेख आहे. ही मुदत तुम्ही पोचणार त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे गुरुवारी पोचणाऱ्याला शुक्रवारी पोचणाऱ्याच्या एक दिवस आधी बुकिंग करता येतं, आणि तो गुरुवार ते रविवार घेऊन मोकळा होतो. तुमचा शुक्रवार उघडेपर्यंत शनिवारची रात्र संपलेली असते. तेव्हा मागणी असलेल्या पार्कात गुरुवारपासूनच जागा धरा. ते जमत नसेल तर शेवटच्या आठवड्यात रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवा. हवामानाचा अंदाज बिघडला की पुष्कळ जण माघार घेतात. रविवार ते गुरुवारच्या रात्री मात्र बऱ्याचदा सहज मिळतात.

पार्क निवडतानाच तिथे मुक्कामाची सोय आहे का ते पाहा. पेन्सिल्वेनियातलं प्रेस्क आइल लेक इरीकाठी आहे, सुंदर आहे, पण तिथे रात्री राहता येत नाही.

आम्ही पाच कुटुंबं मिळून जाणार. एकच साइट (तंबूची आखलेली जागा) घेऊन सगळ्यांचे तंबू त्यात लावले तर चालेल?

नाही. मिशिगनमध्ये एका साइटवर साधारण ६ माणसं, कॅलिफोर्नियात ८. गाड्यांची संख्याही ठरलेली असते. 'ग्रुप साइट' वेगळी मिळते, पण तिथे बऱ्याचदा वीज आणि शॉवर नसतो. शेजारशेजारच्या साइट घेऊन स्वयंपाक एकीवर करणं जास्त सुटसुटीत. मात्र रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते, आणि तंबूच्या कापडातून आवाज अजिबात अडत नाही. गप्पांची मैफल दहाला आटोपा, नाहीतर रेंजर येऊन आटोपतो.

लेक मिशिगन हे शेवटी तळंच, समुद्र नाही. भरती-ओहोटी नाही, शार्क नाहीत. मग तिथे लाल झेंडे का लावतात? मुलं दोन्ही पोहणारी आहेत, वय ९ आणि १२.

'तळंच' हा शब्द डोक्यातून काढून टाका. या पाण्यावर शेकडो मैल वारा मोकळा वाहतो, आणि लाटा वाऱ्याने होतात, मिठाने नव्हे. उलट गोड्या पाण्यात अंग समुद्रापेक्षा कमी तरंगतं, आणि वाऱ्याच्या लाटा एकामागून एक इतक्या लवकर येतात की मधे दम घ्यायला फुरसत मिळत नाही.

लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटतात. ते पाण्याखालच्या वाळूच्या बांधामागे साचतं आणि बांधाला जिथे खिंड असेल तिथून जोरात सरोवरात परत जातं. हाच रिप करंट. तो माणसाला खाली ओढत नाही, आत लांब नेतो. माणूस त्याच्याविरुद्ध हात मारत राहतो, थकतो आणि बुडतो. अडकल्यावर आधी पाठीवर उलटायचं आणि तरंगायचं. श्वास लागला की ओढ कुठे चालली आहे ते पाहायचं, आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. हे मुलांना कोरड्या वाळूवर दोनदा म्हणून घ्यायला लावा.

धक्क्याजवळचा प्रवाह वेगळा. दगडी किंवा काँक्रीटच्या धक्क्याला अडून पाणी त्याच्या कडेने आत जातं. इथे एका बाजूला भिंत असल्यामुळे सुटका फक्त धक्क्यापासून दूरच्या दिशेला. तिथे न पोहणं हेच शहाणपणाचं. धक्क्यावरून उड्या मारणारी पोरं दिसली म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही.

दुसरा धोका शांत दिवशी असतो, आणि याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मिशिगन राज्याचा हा किनारा सरोवराच्या पूर्वेला. तिथे पश्चिमेचा वारा लाटा आणतो, हे दिसतं तरी. पूर्वेचा वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळ पाणी आरशासारखं सपाट असतं. पण तोच वारा वरचं कोमट पाणी आत ढकलतो आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. काल पोहण्याजोगं असलेलं पाणी एका रात्रीत अंग आखडवणारं होऊ शकतं. त्याच वाऱ्यावर हवा भरलेलं फ्लेमिंगो किंवा ट्यूब मुलासकट आत सरकत जाते, आणि मागे पोहत जाणारा मोठा माणूस तिला गाठू शकत नाही. वारा जमिनीकडून असेल त्या दिवशी फुगवायची खेळणी गाडीतच राहू द्या.

झेंड्यांचं म्हणाल तर हिरवा, पिवळा, लाल यांचा अर्थ सरळ आहे. मिशिगनच्या स्टेट पार्कात दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर लाईफगार्ड नसतात, त्यामुळे लक्ष ठेवणं तुमच्याकडेच. निघण्याआधी नॅशनल वेदर सर्व्हिसचा त्या किनाऱ्याचा अंदाज बघा. लाटा ३ फुटांपेक्षा उंच असतील तर वाळूत किल्ले करा. वारा पडल्यावरही लाटांचा जोर काही तास टिकतो.

पर्याय हवा असेल तर लडिंग्टन स्टेट पार्क बघा. ते लेक मिशिगन आणि हॅमलिन लेक यांच्या मधोमध आहे. मोठं पाणी खवळलेलं असेल त्या दिवशी मुलांना हॅमलिनच्या किनाऱ्यावर न्यायचं.

पाण्याला लागूनची साइट मिळाली आहे. वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत असं ऐकलं. आणि जूनमध्येही रात्री थंडी का वाजते?

तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत खरोखरच निरुपयोगी. रुंद पात्याच्या वाळूच्या खुंट्या घ्या. नाहीतर जाड कापडी पिशव्या वाळूने भरा, तोंडाला ताणदोरी बांधा आणि फूटभर खोल आडव्या पुरून वर पाय देऊन वाळू दाबा. असा नांगर खुंटीपेक्षा चांगला धरतो. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. वरच्या आच्छादनाच्या सगळ्या दोऱ्या बांधा. चारच बांधल्या की रात्री कापड फडफडतं आणि काठी वाकते.

खाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच लहान हवी. बाहेर आलेली कड पावसाचं पाणी धरते आणि तंबूखाली आणून सोडते. 'तंबू गळतो' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हेच असतं. उरलेल्या वेळी ते आतल्या माणसांच्या श्वासाचं दव असतं. त्यावर उपाय खिडक्या बंद करणं नाही, वरची जाळी उघडी ठेवणं.

थंडी खालून येते. हवा भरायच्या मोठ्या गादीत आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देते. वर कितीही पांघरलं तरी पाठ गार. गादीवर 'आर व्हॅल्यू' (ऊब धरून ठेवण्याचं माप) लिहिलेली असते. ३ ते ४ पुरे. तशी नसेल तर आहे त्या गादीवर फोमची चटई टाका, खाली नव्हे. आणि '६ माणसांचा' तंबू सामानासकट चौघांचा समजावा.

विजेची सोय असलेली साइट घेतली आहे. इंडक्शन, राइस कुकर, किटली नेली तर?

न्या, पण बेरीज करून. खांबावरच्या पेटीत घरच्यासारखा २० अँपिअरचा सॉकेट असतो. ३० किंवा ५० चे मोठे सॉकेट आरव्हीसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी. २० च्या सॉकेटवरून सलग १६ अँपिअरपर्यंतच घ्यावं. १,८०० वॅटचं इंडक्शन एकटंच १५ घेतं, १,५०० वॅटची किटली साडेबारा. दोन्ही एकदम लावली की ब्रेकर पडणारच. राइस कुकर ७०० वॅटच्या आसपास, त्याच्यासोबत छोटी उपकरणं चालतील.

खरी गडबड एक्स्टेन्शन कॉर्डमध्ये होते. खांब टेबलापासून लांब असतो म्हणून ५० फुटी कॉर्ड लागते, आणि गॅरेजमधली १६ गेजची कॉर्ड १३ अँपिअर किंवा त्याहून कमीचीच असते. इंडक्शन लावल्यावर ती तापते, आणि वेटोळं करून ठेवली असेल तर वितळूही शकते. बाहेर वापरायची १२ गेजची घ्या (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) आणि पूर्ण उलगडून टाका. जोड जमिनीवर नको. दवाने ओला झाला की सॉकेटमधला सुरक्षा-स्विच पडतो आणि सगळे ब्रेकरला दोष देत बसतात.

गॅसची शेगडी राखीव म्हणून असू द्या. १ पौंडाचा प्रोपेनचा सिलिंडर १०,००० बीटीयूच्या (हे आचेचं माप) एका बर्नरवर पूर्ण आचेत दोन तास जातो. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत नेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरामागे अ‍ॅशचं झाड पाडलं, त्याचं लाकूड भरपूर आहे. शेकोटीला नेऊ?

अ‍ॅशचं तर मुळीच नको. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली. त्याच्या अळ्या सालीखाली असतात, वरून लाकूड धडधाकट दिसतं. किडा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला लांबवर पोचवलं ते गाड्यांच्या डिकीतल्या सरपणाने. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं, न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेल्या लाकडाला ५० मैलांची मर्यादा आहे. पार्कात विकत मिळतं ते घ्या. निघताना पाणी ओतून राख ढवळा, परत पाणी ओता. राखेजवळ हात नेऊन ऊब लागत असेल तर अजून ओता.

ऑगस्टमध्ये पाणी हिरवं दिसलं. शेवाळ असेल तर पोहायला काय हरकत?

हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया (विष सोडू शकणारे जिवाणू) असू शकतात. काडीने उचलून बघा: लांब धागे आले तर बहुधा साधं शेवाळ, काडीला रंगासारखा लेप बसला तर लांब राहा. कुत्र्याला आधी आवरा, तो अंग चाटून विष पोटात घेतो. हे पाणी उकळूनही उपयोग नाही. उकळल्याने विष जात नाही. पोहून आल्यावर बारीक खाजरे पुरळ उठणं हा वेगळा प्रकार, तो पाणपक्षी आणि गोगलगायींतल्या परजीवीमुळे होतो. बाहेर येताच टॉवेलने खसखसून पुसलं की बराच टळतो.

कॅलिफोर्नियातल्या लेक टाहोला जाणार आहोत. खाणं गाडीच्या डिकीत कुलूपबंद ठेवलं तर पुरे ना?

अस्वलाला गाडीचं दार ही अडचण वाटत नाही. टाहोकाठच्या स्टेट पार्कात साइटवर लोखंडी पेटी असते, सगळं त्यात. 'सगळं' म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, मसाल्याचा डबा, रिकामा कूलर. मुलाच्या कार सीटमधला बिस्किटांचा चुरा निघण्याआधी घरीच झाडा. पेटीची कडी प्रत्येक वेळी लावा, स्वयंपाक चालू असतानासुद्धा.

हवा भरायचा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) घेतला आहे. त्याला काही नियम आहेत का?

पोहण्याच्या आखलेल्या जागेबाहेर गेलात की कोस्ट गार्डच्या लेखी ती नाव आहे. माणशी एक लाईफ जॅकेट आणि एक शिट्टी हवी. राज्याचा वेगळा कायदा नसेल तिथे १३ वर्षांखालच्या मुलांनी नाव चालू असताना जॅकेट घातलेलंच असावं लागतं. मुलांचं जॅकेट वजनावर निवडा: ३० ते ५० पौंडांचं वेगळं, ५० ते ९० चं वेगळं. घातल्यावर खांद्याशी धरून वर उचला. हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे. घोट्याला बांधायची दोरी विसरू नका, पडल्यावर वाऱ्याने बोर्ड तुमच्यापेक्षा वेगाने जातो.

एका तळ्यातून दुसऱ्यात जायच्या आधी बोर्ड पुसा, पाणी निथळू द्या आणि पाच दिवस वाळवा. झेब्रा शिंपले असेच एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत.

सासू-सासरे भारतातून येत आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना तंबूत झोपवणं बरं नाही ना?

तंबूत झोपवू नका, पण न्या जरूर. अनेक पार्कांत लाकडी केबिन मिळतात, त्यांत पलंग असतो. बुकिंगआधी नकाशावर केबिनपासून स्वच्छतागृह किती लांब ते पाहा. केबिनमध्ये ते बहुधा नसतं. मिशिगनमध्ये साइट घेत असाल तर 'मॉडर्न' घ्या, तिथे फ्लश आणि शॉवर असतो. 'रस्टिक' म्हणजे खड्ड्याचा संडास आणि हातपंप. मिशिगनच्या अनेक पार्कांत वाळूवर चालणारी, चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेली विजेवरची व्हीलचेअर विनामूल्य मिळते. ती ज्यांना चालणं अवघड आहे त्यांच्यासाठीच असते आणि संख्येने थोडी, म्हणून आधी पार्कच्या कार्यालयात फोन करा. आणि गडगडाट ऐकू आला की सासूबाईंसकट सगळ्यांनी गाडीत बसायचं. तंबू किंवा बाजू उघड्या असलेली शेड विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतच थांबा.