सादेत पक्ष: एर्दोआन ज्या घरातून बाहेर पडले ते घर

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुर्कस्तानातला सादेत हा कर्मठ इस्लामी पक्ष राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या आकेपे (AKP) पक्षात विलीन का झाला नाही, आणि २०२३ मध्ये तो अतातुर्क यांनी काढलेल्या सेक्युलर जेहेपे (CHP) पक्षाच्या मांडीला मांडी लावून कसा बसला? दोन्हींचं उत्तर एकाच घराच्या इतिहासात आहे.

ते घर नेज्मेत्तिन एर्बाकान यांचं. जर्मनीत आखेनला डॉक्टरेट केलेले इंजिनिअर. १९६९ मध्ये कोन्यातून अपक्ष निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मिल्ली निझाम पक्ष काढला. १९७१ मध्ये घटना न्यायालयाने तो बंद केला. मग मिल्ली सेलामेत (आपल्या 'सहीसलामत'मधलंच सलामत). १९८० च्या लष्करी उठावानंतर तोही गेला. मग रेफाह, त्यावर १९९८ मध्ये बंदी. मग फजिलेत, त्यावर २००१ मध्ये. पाटी बदलायची, माणसं तीच. मधल्या काळात, १९९६ मध्ये, एर्बाकान पंतप्रधानही झाले आणि लष्कराच्या दबावामुळे वर्षभरात पायउतार झाले.

घर फुटलं ते मात्र न्यायालयामुळे नाही. १४ मे २००० ला फजिलेतचं अधिवेशन भरलं. एर्बाकान यांच्यावर राजकारणबंदी होती, म्हणून त्यांचे विश्वासू रेजाई कुतान अध्यक्षपदाला उभे होते. समोर तरुण गटाचे अब्दुल्ला ग्युल. कुतान ६३३, ग्युल ५२१. जुने जिंकले खरे, पण त्या ५२१ मतांनी तुर्कस्तानचं पुढचं पाव शतक ठरवलं असं मी मानतो. २० जुलै २००१ ला जुन्यांनी सादेत काढला, १४ ऑगस्टला तरुण गटाच्या एर्दोआन-ग्युल यांनी आकेपे. २००२ च्या निवडणुकीत आकेपेला ३४ टक्के, सादेतला अडीच. दहा टक्क्यांची अट असल्यामुळे जागा शून्य.

नंतर एर्दोआन म्हणाले, 'मिल्ली ग्योरुशचा सदरा आम्ही उतरवलाय.' मिल्ली ग्योरुश म्हणजे एर्बाकानांची विचारधारा. सादेतवाल्यांना हे वाक्य किती लागलं असेल, हे ज्याच्या घरात वाटण्या झाल्यात त्याला सांगायला नको. विलीनीकरण अडलं ते इथे. २०१० मध्ये सादेतचे तेव्हाचे अध्यक्ष नुमान कुर्तुलमुश बाहेर पडले आणि पुढे आकेपेत गेले, तेव्हा ही जखम पुन्हा उघडली.

आता जेहेपे. ही सोयरीक नवी नाहीच! १९७४ मध्ये एर्बाकान जेहेपेच्या एजेवित यांच्या सरकारात उपपंतप्रधान होते, आणि सायप्रसवर सैन्य उतरलं ते त्याच सरकारच्या काळात. २०२३ मध्ये सहा विरोधी पक्षांनी एर्दोआन यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी जेहेपेचे तेव्हाचे अध्यक्ष किलिचदारोलू यांची उमेदवारी जाहीर केली ती अंकारातल्या सादेतच्या मुख्यालयातून. त्या निवडणुकीत जेहेपेच्या यादीवरून सादेतचे दहा खासदार आले.

एक-दीड टक्क्याच्या पक्षाला एवढी किंमत का, हे इस्तंबूलच्या २०१९ च्या महापौर निवडणुकीत दिसतं. मार्चमध्ये जेहेपेचे उमेदवार इमामोलू आकेपेच्या उमेदवारापेक्षा जेमतेम १३ हजारांच्या फरकाने पुढे होते आणि सादेतच्या उमेदवाराला लाखभर मतं होती. ती मतं आकेपेकडे वळली असती तर निकाल फिरला असता.

सादेतला खरा धोका मला एर्दोआनपेक्षा घरातूनच दिसतो. एर्बाकानांचे चिरंजीव फातिह यांनी २०१८ मध्ये 'येनिदेन रेफाह' काढला, म्हणजे 'पुन्हा रेफाह'. २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत त्याने सहा टक्के मतं घेतली, शानलिउर्फा आणि योझगात ही शहरं जिंकली. वडिलांचं आडनाव आणि जुन्या पक्षाचं नाव, दोन्ही आता त्याच्याकडे आहे.