तोंडी तालीम की वहीतलं नोटेशन?

प्रश्न : शाळा सुटल्यावर मी मुलांना हरिपाठ आणि भजनाच्या चाली शिकवते, सगळं तोंडी. आता काही पालक म्हणतात, नोटेशन लिहून द्या. युरोपातल्या चर्चमध्ये हजार वर्षांपासून कागद बघूनच गाणं शिकवतात. हे खरं आहे का? मी काय करावं?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, मी अंबाजोगाईला गाणं शिकवतो, माझ्याकडेही हीच मागणी येते. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

तिथेही कितीतरी शतकं शिक्षण कानानंच झालं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे मठात आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची, त्यातली बरीचशी पहाटेच्या अंधारात. पाठ असल्याशिवाय हे जमणारच नाही. लहानपणी मठात आलेली मुलं थोरांच्या शेजारी उभी राहून रोज ऐकत, म्हणत.

नवव्या-दहाव्या शतकात शब्दांवर खुणा आल्या. त्या खुणांवरून स्वर वर गेला की खाली आला एवढंच कळे. किती वर, ते कळत नसे. चाल आधी येत असेल त्यालाच त्या उपयोगी. पण स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठातल्या पोथ्यांत इथे लवकर म्हण, इथे धरून ठेव, अशी अक्षरंही आहेत. मला या पोथ्यांचं फार मोल वाटतं; गुरू शेजारी बसून जे सांगतो, तेच त्यांनी जपलं.

अकराव्या शतकात गुइदो हा इटालियन साधू आला. पोरांचं आयुष्य पाठांतरात जातं आणि तरी प्रत्येक नव्या चालीला गुरूच लागतो, ही त्याची तळमळ. त्यानं त्या खुणा बसवायला आडव्या रेघा आखल्या, म्हणजे खूण कोणत्या रेघेवर आहे त्यावरून स्वर कळावा; त्यांतल्या दोन रेघा रंगवल्या. दहा वर्षांत अर्धवट येणारी विद्या एक-दोन वर्षांत पूर्ण येते, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पोप योहान एकोणिसावे यांनी न ऐकलेली एक ओळ त्याच्या वहीवरून म्हणून पाहिली, आणि ती जमेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

पालकांना सांगायची गोष्ट मात्र पुढेच आहे. या रेघा वाचायला गुइदो आधी काय शिकवायचा? संत योहानाचं एक स्तोत्र, तोंडपाठ. त्याच्या पहिल्या सहा तुकड्यांची सुरुवात एकेका स्वरानं चढत जाते, आपल्या सा ते ध सारखी. ते स्वर गळ्यात पक्के बसले की मगच वही. पुढे रेघांमुळे स्वर नेमका कळू लागला. पण लवकर म्हण, धरून ठेव या बारीक खुणा हळूहळू मागे पडल्या.

म्हणून ताई, पहिले काही महिने वही नकोच. तंबोरा किंवा पेटीचा सा लावून सरगम आणि एकच चाल पक्की करून घ्या. मग मुलांनाच त्या चालीचे स्वर ओळखून लिहायला लावा. तुम्ही लिहून देऊ नका. श्वास कुठे, ठेहराव कुठे, त्याच्या खुणाही त्यांनीच ठरवू देत. त्यानंतर फळ्यावर एक न ऐकलेली ओळ लिहा आणि त्या दिवशी पालकांना वर्गात बोलवा.