बंगळुरूला निघण्याआधी

अरे, नेरूळहून स्केटबोर्ड घेऊन बंगळुरूपर्यंत जायचा बेत झकास आहे, पण खेळण्याच्या दुकानातल्या त्या प्लॅस्टिकच्या बोर्डावर नको. मेपलच्या सात थरांचा, 8 इंच रुंद डेक, म्हणजे उभं राहायची फळी, घे. चाकांचे मात्र दोन सेट ने: स्केटपार्कसाठी 52 मिमीची, 99ए कडकपणाची, रस्त्यासाठी 78ए, मऊ. सीवूड्सला कडक चाकांवर माझे दात वाजले होते. चाकाखाली बारीक खडी आली की बोर्ड जागीच थांबतो, आपण नाही!

पाऊस आला की बोर्ड थेट बॅगेत. माझ्या बेअरिंगना जुलैत गंज चढला, चाक फिरवलं की नुसती कुरकुर.

सुट्टी उरली तर पुढे कधीतरी मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवारलाही जा. 2015 मध्ये त्या खेड्यात काँक्रीटचा पार्क झाला. नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही, आणि मुली आधी. तिथल्या पोरांपुढे मीही शिकाऊच.

कुठल्याही पार्कात गेल्या गेल्या घुसू नकोस. कठड्यावर बस, कोण कुठून सुटतंय ते बघ. कुणाची ट्रिक जमली की बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर आपट. आपल्यात तीच टाळी.