हा अधिकार परत कोण घेणार?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अभ्यासवर्गात महाराष्ट्राच्या जनसुरक्षा कायद्याच्या, म्हणजे नक्षलवाद्यांसारख्या संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला देणाऱ्या कायद्याच्या, बाजूने बोलायचंय, टिपण तयार आहे, 'पण काका, कुठेतरी खटकतंय'. खटकतंय हे उत्तम. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत नाही, ते तुझी आई रोज सांगत असेल.

नक्षलवाद वाईट, हे मला पटवायला जाऊ नकोस. गडचिरोलीत पोलीस मेले, आदिवासी मेले, त्यावर आपलं दुमत नाही. छत्तीसगड, तेलंगणात असा कायदा आहे मग आपल्याकडे का नको, हाही तुझा मुद्दा वाचला. माझा प्रश्न एकच आहे आणि तो मी हट्टाने परत परत विचारणार आहे. सरकारला दिलेला हा अधिकार परत कोण घेणार?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. गिरगावातल्या आमच्या इमारतीत सापडला. तू आली होतीस, जिन्याखाली लाकडी टेकू लावलेत ते पाहून घाबरली होतीस. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. युद्धानंतरची टंचाई, निर्वासितांचे लोंढे, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू, आणि हेतू चांगलाच होता. भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं आणि कायदा होता फक्त 31 मार्च 1950 पर्यंत. तीन वर्षांचा! मग मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ. प्रत्येक पक्षाचं सरकार येऊन गेलं, अधिकार कोणी सोडला नाही, कारण घरमालकांपेक्षा भाडेकरूंची मतं जास्त. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. तरी ती कलमं रद्द केली नाहीत, कारण कायद्याची मुदत तेव्हा 31 मार्च 1998 ला संपणार होती आणि नवा कायदा यायचा होता. नवा आला तो 2000 साली. त्यात दरसाल 4 टक्के वाढ. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं भाडं तेव्हा 62 रुपये. त्यावर 4 टक्के म्हणजे अडीच रुपयेसुद्धा नाहीत. गच्चीची गळती बंद करायला एकदा माणूस बोलावला तर वर्षाचं सगळं भाडं त्याच्या मजुरीत जातं.

तू म्हणशील, हा घरमालकाचा राग आहे. आहे. पण भाडेकरूंशी माझं भांडण नाही. त्यांच्या मुलांच्या मुंजी-लग्नांत मी वाढपी म्हणून फिरलोय. बिल्डर दारात उभा असताना मी सही केली नाही, त्यावर घरात काय काय ऐकलं ते तुझ्या आईला विचार. मी अडून बसलो म्हणतात. अडून बसलो ते बरोबरच होतं. माझ्या आणि भाडेकरूच्या मधे सरकार शिरलं आणि दोघांचंही वाटोळं झालं: त्याला पडकी खोली, मला पडकी इमारत. एवढं उघड दिसत असताना मुकाट सही करणं मला जमलं नसतं.

आता तुझ्या लोकांकडे येतो. आपल्या, हिंदुत्ववादी लोकांकडे म्हण. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, कोणी आणला? 1999 मध्ये, शिवसेना-भाजप युतीच्या राज्यात. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण खंडणीखोरांनी मुंबई पोखरली होती. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालेल, हे कलम तेव्हा कोणाला टोचलं नाही. 2008 मध्ये मालेगावच्या बॉम्बस्फोट खटल्यात तोच मोक्का आपल्याच विचाराच्या लोकांवर लागला, हे तुझ्या टिपणात आहे का? नाही. 2016 मध्ये एनआयएने, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेने, मोक्का काढला, 31 जुलै 2025 ला सगळे सात आरोपी निर्दोष सुटले. मधली वर्षं त्यांना कोण परत देणार? आणि हा निकाल लागला तो जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झाल्यावर तीन आठवड्यांनी. योगायोग म्हण, पण आपल्यापैकी एकानेही हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले नाहीत, याचा मला संताप येतो.

मंजूर झालेल्या विधेयकात कडव्या डाव्या 'किंवा तशाच' संघटना असं आहे. तशाच म्हणजे कोणत्या, हे सरकार ठरवणार. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला चिथावणं हेही बेकायदेशीर कृत्यांत आहे. 2016 ला सर्वोच्च न्यायालयाकडून दहीहंडीवर 20 फुटांची मर्यादा आली, तेव्हा उघड आव्हान देऊन उंच थर कोणी लावले? डाव्यांनी? उद्या दुसरं सरकार आलं आणि त्याला एखादं मंडळ 'तसंच' वाटलं, तर तू कोणत्या तोंडाने ओरडणार आहेस? बंदी तपासायला सल्लागार मंडळ आहे, निवृत्त न्यायमूर्ती आहेत, हे मला सांगू नकोस. कायदा वाचताना तो आपल्या नावडत्या गृहमंत्र्याच्या हातात आहे असं धरून वाचायचा. दुसरी रीत नाही.

मिसा, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करायचा कायदा, 1971 चा. 1975 ला आणीबाणीत त्याच मिसाखाली आपले लोक येरवड्यात आणि नाशिकरोडला गेले. आज त्या मिसाबंदींना सरकार मानधन देतं आणि आपण त्यांच्या सत्काराला हार घेऊन जातो. हार घालताना तुला हा प्रश्न पडत नाही?

मला हेकट म्हणतात ते 2005 पासून. डान्सबारबंदीला मी विरोध केला. आयुष्यात त्या दाराच्या आत पाऊल टाकलं नाही, पण एक बंद आणि दुसरं पंचतारांकित म्हणून चालू, हे सरकारने ठरवायचं? जुने मित्र बोलायचे बंद झाले. 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हाही त्यातल्या एकाचा फोन आला नाही. त्यातला एक तर आता हयातही नाही. ती दोस्ती गेल्याची खंत आहे. भूमिकेची नाही, मुळीच नाही.

तू विचारशील, मग कायदाच नको का? हवा. टाडा बघ, दहशतवादाविरुद्धचा, 1985 चा. दर दोन वर्षांनी संसदेला हात वर करावा लागे. 1995 च्या मे महिन्यात मुदतवाढीला पाठिंबा उरला नाही आणि तो आपोआप संपला. त्याचा गैरवापर प्रचंड झाला, पण संपायची सोय त्याच्या पोटातच होती. तुझ्या टिपणात एवढीच मागणी घाल: कायद्याला मुदत, दर मुदतीला सभागृहात उघड मतदान, किती जणांना धरलं आणि किती जणांवर सिद्ध झालं याचा हिशेब पटलावर. वर्गप्रमुख नाक मुरडतील. मुरडू देत. 'आपलं सरकार आहे' असं म्हणाले, तर भाडेकायद्याचं सांग, मोक्क्याचं सांग.

रविवारी चार वाजता ये. येताना राजपत्रातला मूळ मजकूर छापून आण, कलमांवर पेन्सिलीने खुणा करून. व्हॉट्सॲपवरचा सारांश घेऊन आलीस तर चहा पाजून परत पाठवीन.

तुझा,
काका