गॅलरीत हात जोडून बसलेला हिरवा किडा विषारी असतो का? तो राहतो कुठे?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर बोटभर लांब हिरवा किडा आठ दिवस मुक्कामाला आहे, आणि घरातले म्हणतात विषारी आहे, मारून टाका. कृपा करून मारू नका. तो प्रार्थना कीटक आहे, याला खंडोबाचा किडाही म्हणतात. त्याला विष नाही, नांगी नाही. मुठीत धरलात तर पुढच्या पायांचे काटे टोचतील, एवढंच.

बरेच जण त्याला नाकतोडा समजतात. नाकतोडा पानं खातो आणि हा नाकतोड्याला खातो! जोडलेले 'हात' म्हणजे शिकारीचे पाय, आतून करवतीसारखे दाते असलेले. तासन् तास हलत नाही, माशी टप्प्यात आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पकडतो आणि जिवंतच खायला लागतो. मान वळवून तो मागेही बघतो. रात्री दिवा लावून त्याचे डोळे बघा, दिवसा हिरवे असलेले डोळे काळेभोर झालेले दिसतील.

जगात याच्या सुमारे 2,400 जाती आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. झुडूप, उंच गवत, झाडाची साल, जिथे लपता येईल आणि भक्ष्य मिळेल तिथे तो राहतो. आपल्याकडे पावसाळा सरता सरता मोठे झालेले जास्त दिसतात. नर दिव्याकडे उडत येतात, म्हणून घरात सापडतात.

माझी दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीत एका काडीवर वाळलेल्या फेसासारखा बोराएवढा तपकिरी गोळा चिकटलेला दिसला. दाबून पाहिला तर थर्माकोलसारखा लागला. रोग समजून मी अशा कितीतरी काड्या आधी जाळल्या होत्या. ती याचीच अंडी. मादी पोटातून फेस सोडून त्यात अंडी घालते, फेस वाळून कडक होतो. ती काडी मी बांधावरच्या शेवग्याला बांधली. काही आठवड्यांनी सकाळी गोळ्याखाली बारीक धाग्यांना मुंग्यांएवढी पिल्लं लोंबकळत होती, हुबेहूब आईबापासारखी, फक्त पंख नाहीत. त्या दिवशी जाळलेल्या काड्या आठवून फार वाईट वाटलं. आता छाटणीला माणसं लावली की आधी तो गोळा दाखवतो.

याच्यामुळे फवारणी वाचते असं मात्र मी म्हणणार नाही. तो कीड खातो तशी मधमाशीही खातो, त्याला शेतकऱ्याचा मित्र-शत्रू कळत नाही. पण फवारा मारला की सगळ्यांबरोबर तोही जातो. तुम्ही जास्वंदीवर निदान महिनाभर काही मारू नका, आणि फांदीवर तसा गोळा दिसला तर खरवडू नका. पिल्लं निघाली तर हौसेने एका बरणीत कोंडू नका, ती एकमेकांना खातात.