ऐरोलीहून कॅनडाला येणाऱ्याला : थ्री नॉट थ्री, रिकाम्या चौकटी आणि आजोबांची .३१५

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऐरोलीहून मिसिसागाला (टोरंटोजवळ) कायमचं यायचंय, घरी आजोबांची ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल आहे, ती आणता येईल का, आणि इथे ली-एनफिल्डसारख्या (म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, .३०३) जुन्या फौजी रायफलींच्या नव्या ‘रेप्लिका’ घेऊन चालवता येतात का. जाता जाता ‘एकटं वाटतं का हो?’ असंही विचारलंत. मी मूळचा ठाण्याचा, चरईतला. व्हिसा, पॉइंट, बँक ह्यांवर काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर वाचा. .३१५ चं शेवटी सांगतो. ते लिहायचं जरा टाळतोय म्हणा.

पहिली गोष्ट, ‘रेप्लिका’ हा शब्द इथे तोंडातून काढू नका. कॅनडाच्या कायद्यात रेप्लिका म्हणजे हुबेहूब बंदुकीसारखी दिसणारी, पण गोळी न सुटणारी वस्तू, आणि ती बंदी असलेल्या यादीत आहे. सूट फक्त १८९८ च्या आधीच्या जुनाट बंदुकांच्या नकलांना. म्हणजे लायसन्स असेल तर गोळी मारणारी खरी नंबर ४ रायफल (ली-एनफिल्डचं दुसऱ्या महायुद्धातलं मॉडेल) घरात चालते, पण भिंतीवर टांगायची तिची शोभेची नक्कल सामानातून आणलीत तर कस्टमवाले ठेवून घेतील. तुम्हाला हवी आहे ती रिप्रॉडक्शन, म्हणजे नव्याने घडवलेली, चालणारी रायफल.

लायसन्सला इथे पाल (पीएएल, बंदूक बाळगण्याचा आणि घेण्याचा परवाना) म्हणतात. आधी एक दिवसाचा सेफ्टी कोर्स, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, दोन्हींत ८० टक्के. प्रात्यक्षिकात नेम बघत नाहीत, बोट बघतात. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) उघडताना बोट घोड्यावर गेलं किंवा नळी माणसाकडे वळली की संपलं. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवसांची सक्तीची थांबणूक असते आणि प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो.

खरा वैताग नावाचा. आपलं नाव तीन मजली : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये घुसलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते मधलं, आणि कोर्सच्या रिपोर्टवर इन्स्ट्रक्टरने गाळलेलं. मग अर्ज परत. कोर्सच्या दिवशी फॉर्म भरतानाच पीआर कार्ड (कायमच्या रहिवाशाचं ओळखपत्र) समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. पुढे रिपोर्टची दुरुस्ती करून घेणं म्हणजे तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यासारखं आहे.

अर्जावर बायकोची सही मागतात. ती नसली म्हणून अर्ज बाद होत नाही, पण तिला तसं कळवलं जातं, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. आणि दोन संदर्भ लागतात, तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारे. काल विमानातून उतरलेल्याला इथे तीन वर्षं ओळखणारा कोण असणार? त्या दोन रिकाम्या चौकटींकडे बघताना जे वाटतं ते बर्फात, अंधारात, रिकाम्या अपार्टमेंटमध्येही वाटत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं.

आता रायफल. हात बसवायचा असेल तर .२२ पासून सुरुवात करा. चिनी नोरिन्को कंपनीची जेडब्ल्यू-२५ए ही जर्मन माउझर कार्बाइनच्या घाटाची .२२ आहे, अमेरिकेतल्या कीस्टोनने रशियन मोसिन-नागांत रायफलीची छोटी .२२ नक्कल काढली. काडतूस स्वस्त, इनडोअर रेंजवर चालतं, खांदा दुखत नाही. मोठ्यात, ऑस्ट्रेलियन इंटरनॅशनल आर्म्सने नंबर ४ च्या धर्तीवर ७.६२ मिमीची नवी रायफल काढली होती. आता बनत नाही, सेकंडहँड शोधावी लागते. नवी नळी आणि सहज मिळणारं .३०८ चं (७.६२ चंच नागरी रूप) काडतूस हा तिचा फायदा. पण जुन्या नंबर ४ चे सुटे भाग तिच्यात सरळ बसतील असं धरून चालू नका. मॅगझिन तर आधी हातात घेऊन बघा. मोडली तर पार्टसाठी वणवण ठरलेली.

माझं मत विचाराल तर तिसरा रस्ता धरा : जुनी रायफल, नवं लाकूड. नंबर ४ इथल्याच लाँग ब्रँचच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात लाखोंनी बनली. त्या कारखान्याची इन्स्पेक्शनची इमारत मिसिसागात अजून उभी आहे. युद्धानंतर शिकाऱ्यांनी हरणं मारायला ह्या रायफलींचं पुढचं लाकूड कापून टाकलं. अशी कापलेली रायफल स्वस्तात मिळते आणि नव्याने बनवलेलं फोरएंड (तेच नळीखालचं पुढचं लाकूड) विकत मिळतं. आपल्याकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी. ठाण्यात ट्रेझरीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्यावर बघायची, बस्स. इथे ती कोणाच्याही गॅरेजात धूळ खात पडलेली असते. हे अजून पचत नाही.

घेताना तीन गोष्टी तपासा. लाँग ब्रँचच्या बहुतेक रायफली मार्क १ स्टार, म्हणजे बोल्ट ज्यावरून सरकतो त्या रेलमध्ये तो काढायला खाच असलेल्या. त्या खाचेजवळचा रेल झिजतो किंवा त्याचा टवका उडतो, मग जोरात मागे ओढताना बोल्टहेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) निसटतं. दुसरं, हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा : ०.०६४ इंची ‘गो’ गेजवर (मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये. होत असेल तर मोठ्या नंबरचं बोल्टहेड लावतात (० ते ३ नंबर त्यावरच कोरलेले असतात), पण ३ नंबर आधीच लागलेलं असेल तर ती रायफल सोडून द्या. तिसरं, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात बसतो तो मुख्य लोखंडी भाग) सिरियल नंबर एकच हवा.

नवं फोरएंड बसवताना घाई नको. मागच्या बाजूला, बॉडीला टेकणाऱ्या दोन पृष्ठांना ‘ड्रॉज’ म्हणतात. ती दोन्ही सारखी टेकली पाहिजेत. लोखंडावर काजळी लावा, लाकूड बसवून काढा, जिथे काळा डाग उठेल तिथेच पातळ खरवडा, आणि हे वीसेक वेळा. नळीच्या टोकाशी लाकडाने वरच्या दिशेने ३ ते ५ पौंडांचा दाब द्यायला हवा. तो नसेल तर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात आणि माणूस उगाच काडतुसाला शिव्या देतो. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून, पाच-सहा दिवस. एसएमएलईचा (नंबर ४ च्या आधीचं ली-एनफिल्ड मॉडेल) दस्ता काढायचा असेल तर आधी फोरएंड काढा. दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडमध्ये अडकलेलं असतं, तसाच फिरवला की लाकूड चिरतं.

.३०३ च्या काडतुसाला रिम, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड, असते. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे हवी. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मध्येच गच्च होतो. १० गोळ्यांचं मॅगझिन बोल्ट रायफलीला चालतं, पाचाची मर्यादा सेमी-ऑटोच्या मॅगझिनना आहे. मॅगझिन मुळात कुठल्या बंदुकीसाठी बनलंय त्यावर हे ठरतं, तुम्ही ते कशात घालता त्यावर नाही. काडतुसं घरी भरणार असाल तर गोळी .३११-.३१२ इंच जाडीची घ्या, .३०८ ची ढिली पडते. आणि केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) फक्त मान साइझ करा, म्हणजे दाबून पुन्हा मापात आणा. ह्या बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे खुंट) मागे असतात, केस ताणली जाते. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं की केस फेकून द्या, पुढच्या बाराला तिथेच तुटेल. जुनं मिलिटरी सरप्लस काडतूस वापरलंत तर त्याच संध्याकाळी चेंबरच्या बाजूने किटलीभर उकळतं पाणी नळीत ओता, कोरडी करा, मग तेल. प्रायमरमधलं मीठ नुसत्या तेलाने जात नाही.

उणे वीसमध्ये बोल्टमधलं तेल घट्ट होतं आणि पिन हळू आपटते, बार फुसका जातो. हिवाळ्यात बोल्ट कोरडा पुसून न्या. घरी आल्यावर रायफल खोळीतच तास-दोन तास राहू द्या, नाहीतर गरम हवेत तिला आपल्या जुलैसारखा घाम फुटतो.

घरात ठेवताना रिकामी, शिवाय ट्रिगर लॉक किंवा बोल्ट काढून, काडतुसं वेगळी. भाड्याची घरं बदलाल तेव्हा नवा पत्ता ३० दिवसांत कळवा, नवे लोक इथेच फसतात. आणि मुलगा शाळेत जात असेल तर त्याला काय सांगायचं ते आधी ठरवा. ‘बाबांकडे रायफल आहे’ असं वर्गात म्हटलं की फोन येतो. कायदेशीर आहे, लपवण्यासारखं नाही, तरी बोलू नकोस, हे सात वर्षांच्या पोराला नीट समजावणं मला जमलेलं नाही.

आता .३१५. आणू नका. काडतूस इथल्या दुकानात मिळणार नाही, आणि भारतातून निर्यातीच्या परवानगीत बराच वेळ जाईल. परवाना आजोबांच्या नावावर असेल आणि ते सत्तरीच्या पुढे असतील, तर तुमचा भाऊ किंवा बहीण वारस म्हणून नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात अर्ज करू शकते. तोवर ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करा, पावतीवर नंबर स्वतः ताडून घ्या. जमा करण्याआधी नळीत आतून तेलाचा जाड बोळा फिरवा, बोल्टवर ग्रीस थापा. तिथे कपाटात कोणी बघत नाही, आणि पावसाळा तोंडावर आहे.