धडा पाठ, पण वाचन अडते

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमात दुसरीत शिकतो. पाठ्यपुस्तकातला धडा तो घडाघडा म्हणतो. नवा मजकूर आला की मात्र ‘व ला पहिली वेलांटी वि’ असे पुटपुटत बसतो आणि शब्द संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतो. आजोबा रोज बाराखडी म्हणून घेतात, तर वर्गातल्या बाई ‘घाई करू नका’ म्हणतात. काय करावे?
– एक आई, कोथरूड

उत्तर : वर्गात वारंवार ऐकून धडा त्याच्या कानात बसला आहे, त्यामुळे त्यावरून वाचनाचा अंदाज बांधू नये, त्याने कधीही न पाहिलेल्या चार ओळी पुढे ठेवाव्यात. आजोबांची बाराखडी वाया गेलेली नाही, मात्र ती चालीवर म्हटली जाते आणि मधलेच ‘कू’ विचारले की मूल पुन्हा ‘क’पासून सुरू करते. म्हणून आजोबांनीच ‘मी, से, का, लू’ अशी अक्षरे उलटसुलट क्रमाने दाखवावीत.

‘विहीर’ हा शब्द पाहा. त्यातली पहिली वेलांटी डोळ्यांना ‘व’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘व’नंतर होतो, दुसरी वेलांटी मात्र ‘ह’च्या पुढेच असते. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही, मुले इथे हमखास अडतात. वेलांटीचे नाव घेणे आता सोडून द्यावे, ‘वि’ एकदम म्हणावे आणि शेवटी ‘विहीर’ असा सबंध शब्द पुन्हा म्हणवून घ्यावा. अडला तर क्षणभर थांबून शब्द सांगून टाकावा. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

सरावासाठी पीएमपीच्या बसच्या पाट्या फार उपयोगी पडतात. ‘हडपसर’मध्ये काना-मात्रा काहीच नाही, त्यानंतर ‘वारजे’, ‘निगडी’ घ्यावे आणि ‘कात्रज’, ‘स्वारगेट’ ही जोडाक्षरे शेवटी. बाईंचे म्हणणे जोडाक्षरांपुरते मला पटते; बाकी नुसती वाट पाहत बसणे मला मान्य नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे बाईंना शक्य नसते, तेव्हा कोणती अक्षरे कच्ची आहेत एवढे त्यांना नेमके विचारावे आणि घरी तेवढीच घ्यावीत.

याशिवाय झोपण्यापूर्वी त्याला तुम्ही वाचून दाखवा, आणि त्या वेळी परीक्षा घेऊ नका. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही समजून वाचता येण्यासाठी तिसरीअखेरची मुदत धरली आहे, म्हणजे तुमच्या हाती अजून वेळ आहे. डोळे आणि कान मात्र आताच तपासून घ्यावेत. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकताना सतत येणाऱ्या अडचणीचे, ठाम निदान सहसा आठव्या वर्षाच्या सुमारास केले जाते. नियमित सराव होऊनही तोपर्यंत फरक दिसला नाही, तर शाळेच्या समुपदेशकांना भेटावे.